कर्करोगाची चिकित्सा : डेन्मार्क देशाचा अनुभव

१९४२ साली डेन्मार्क देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. अशा धामधुमीच्या दिवसांत कोपनहेगन शहरात एक लहानसे कार्यालय उघडण्यात आले, आणि देशात ज्या कोणास कर्करोग झाल्याचे निदान होईल त्याची नोंद तेथे ठेवण्याचे ठरले. योहानेस क्लेमेसेन या वैद्याने हे काम अंगावर घेतले होते. जानेवारी १९४३ पासून सुरू झालेल्या या नोंदी आजतागायत चालू आहेत. संपूर्ण देशाची अशी नोंदवही ठेवणारे डेन्मार्क हे पहिले राष्ट्र होय. रोगाची कारणे शोधण्यास या नोंदींचा उपयोग होईल, अशी त्या वेळच्या शास्त्रज्ञांची अपेक्षा होती आणि ती पुढे पुष्कळ अंशी सफलही झाली. परंतु याच नोंदवहीतून अर्ध्या शतकानंतर आपल्याच देशाविषयी एक अप्रिय सत्य बाहेर पडेल, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पुढील काही वर्षांत नॉर्वे, फिनलंड व आइसलंड या देशांनी अशाच नोंदवह्या सुरू केल्या. स्वीडनने १९५८ मध्ये केली. हे सारे देश एकमेकांसारखेच आहेत. लोकवस्ती थोडी, सुबत्ता सारखी, रुग्णालयांचा खर्च करांच्या उत्पन्नातून चालणारा, आणि तेथील डॉक्टर तीच नियतकालिके वाचणारे व त्याच परिषदांना जाणारे. तेव्हा कर्करोग झालेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर या सर्व देशांत जवळजवळ एकच असले पाहिजे. मिलान व रोम येथील संशोधन-संस्थांनी १९९० च्या सुमारास युरोपातील अनेक नोंदवह्या एकत्र करून ‘युरोकेअर’ नावाचे तुलनात्मक संशोधन हाती घेतले. त्याचे अहवाल १९९५ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा वरील अपेक्षा खोटी ठरली. स्तन, फुप्फुस, मोठे आतडे अशा नेहमीच्या कर्करोगांत डेन्मार्कचे रुग्ण शेजारी देशांतील रुग्णांपेक्षा कमी काळ जगत होते. इंग्लंड व वेल्स यांचीही हीच अवस्था होती.

तुलना कशी करतात?

दोन देशांतील रुग्णांची तुलना करणे वाटते तितके सोपे नाही. समजा, एका देशातील १०० रुग्णांपैकी निदानानंतर ५ वर्षांनी ५५ हयात आहेत. परंतु त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या १०० निरोगी माणसांपैकीही ५ वर्षांत काही जण हृदयविकाराने, अपघाताने किंवा वार्धक्याने मरणारच. ते १० आहेत असे धरले, तर ९० जणांपैकी ५५ जगले असा हिशेब करावा लागतो. म्हणजे जीवितप्रमाण ५५ टक्के नसून सुमारे ६१ टक्के येते. अशा रीतीने इतर कारणांनी होणारे मृत्यू वजा केल्यावरच एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येतो.

येथे आणखी एक सापळा आहे. एखादा मनुष्य वयाच्या ६५ व्या वर्षी कर्करोगाने मरणार आहे असे समजू. त्याचे निदान ६३ व्या वर्षी झाले, तर तो २ वर्षे जगला असे नोंदले जाईल. ५९ व्या वर्षी झाले, तर ६ वर्षे. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडलेली नसेल! म्हणून जीवितप्रमाणाबरोबर दर लाख लोकांमागे कर्करोगाने किती मृत्यू होतात, हेही पाहावे लागते. डेन्मार्कच्या बाबतीत हा दुसरा आकडाही चांगला नव्हता. तेथील स्त्रिया पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर धूम्रपान करीत, हे त्याचे एक कारण होते. पण सर्व फरक त्यातून उलगडत नव्हता.

आकडे प्रतिकूल आले की आकड्यांवरच दोष ठेवण्याकडे मनुष्याचा कल असतो. ब्रिटनमध्ये नोंदणीतील त्रुटींमुळेच हा फरक दिसतो, असा आक्षेप नामांकित संख्याशास्त्रज्ञांनी घेतला होता. तो निराधार नव्हता, आणि त्याची रीतसर तपासणी झाली हे बरेच झाले. नोंदणीत काही उणिवा होत्या. परंतु एवढा मोठा फरक त्यांतून निर्माण होणे शक्य नाही, असे अखेरीस आढळून आले.

मग कारण कोठे शोधावे? आकड्यांतच एक खूण होती. मागे पडलेल्या देशांतील फरक मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या वर्षातच पडत होता. ज्या रुग्णाने पहिले वर्ष पार पाडले, त्याचे पुढील भवितव्य शेजारी देशातील रुग्णाहून फारसे वेगळे नसे. आता, शस्त्रक्रिया किंवा औषधे निकृष्ट असती, तर रोग पुढे दोन-चार वर्षांनी उलटला असता. पहिल्या काही महिन्यांतच मृत्यू येतो, याचा अर्थ पुष्कळदा असा की, रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचला तेव्हाच रोग शरीरभर पसरलेला होता.

यंत्रे आली, तरी रांग राहिली

डेन्मार्कने आपली पहिली राष्ट्रीय कर्करोग-योजना २००० साली आखली. १९९० च्या दशकात तेथे किरणोपचाराची यंत्रे अपुरी होती. या पहिल्या योजनेत यंत्रे वाढविण्यावर भर होता, आणि तो योग्यच होता. पुढे २००५ मध्ये दुसरी योजना आली. परंतु यंत्रे वाढली तरी रुग्णाचा वेळ कोठे जातो, हा प्रश्न सुटला नाही.

या वेळेची खरी किंमत ऑर्हुस येथील संशोधकांनी मोजून दाखविली. डोके व मान यांच्या कर्करोगाचे ६१ रुग्ण किरणोपचारासाठी थांबले होते. निदानाच्या वेळी काढलेले चित्र आणि उपचार सुरू करण्यापूर्वी काढलेले चित्र त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मधला काळ साधारणपणे चार आठवड्यांचा होता. तेवढ्या अवधीत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी मोजण्याइतक्या वाढल्या होत्या आणि काहींच्या मानेतील नव्या ग्रंथींत रोग शिरला होता. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण रांगेत उभा असतो, पण रोग रांगेत उभा राहत नाही, हे एवढ्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच दिसले असेल.

हा वेळ जात होता तो उपचारांत नव्हे, तर उपचारांच्या मधल्या जागांत. एखादा प्रवासी लांबच्या गावी निघाला आहे. प्रत्येक गाडी वेगाने धावते, पण इटारसीसारख्या जंक्शनावर उतरावे तो पुढची गाडी नुकतीच सुटलेली, आणि नंतरची दुसऱ्या दिवशी. अशी तीन-चार जंक्शने वाटेत असली, तर गाड्यांचा वेग वाढवून काय होणार? कर्करोगाच्या रुग्णाची स्थिती अशीच होती. कुटुंबवैद्याचे पत्र रुग्णालयात जाई. ते तज्ज्ञाच्या मेजावर पडे. तपासणीची तारीख मिळे. तिचा निष्कर्ष आला की दुसऱ्या तपासणीसाठी नव्याने अर्ज होई. मग दुसऱ्या विभागातील शस्त्रवैद्याकडे पुन्हा पत्र. प्रत्येक विभाग आपले काम नीट करीत होता. मधल्या दिवसांना मात्र कोणी धनी नव्हता.

२००७ च्या ऑक्टोबर महिन्यात डेन्मार्कचे सरकार व रुग्णालये चालविणारे पाच प्रादेशिक विभाग यांच्यात करार झाला. कर्करोगाचा संशय ही तातडीची बाब मानावी, हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणे तिची दखल घ्यावी, असे त्यात ठरले. त्यानुसार प्रत्येक प्रकारच्या कर्करोगासाठी तज्ज्ञांच्या समित्यांनी एक ठरीव मार्ग आखून दिला. संशय आल्यापासून कोणती तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, दोन टप्प्यांत किती दिवस जावेत, निर्णय कोणत्या तज्ज्ञांनी एकत्र बसून घ्यावा, हे सर्व त्यात लिहिलेले असते. महत्त्वाची गोष्ट अशी की, तपासणीच्या वेळा रुग्ण येण्यापूर्वीच राखून ठेवल्या जातात. त्यामुळे पहिल्या तपासणीच्या दिवशीच पुढल्या तारखाही रुग्णाच्या हाती पडतात, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते. २००८ च्या वसंत ऋतूत स्तन, फुप्फुस, मोठे आतडे आणि डोके-मान यांच्या कर्करोगांपासून सुरुवात झाली. २००९ च्या आरंभापर्यंत तीसहून अधिक मार्ग देशभर चालू झाले होते. या सुधारणेत नवे औषध एकही नव्हते.

ज्याचे लक्षण अस्पष्ट, त्याचे काय?

परंतु मार्ग कितीही जलद असला, तरी त्यावर पाऊल ठेवण्यासाठी प्रथम कर्करोगाचा संशय यावा लागतो. स्तनात गाठ आढळली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर संशय सहज येतो. फ्रेडे ओलेसेन, पीटर वेडस्टेड आदी डॅनिश संशोधकांनी कुटुंबवैद्यांकडील नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की, पुढे कर्करोग निघालेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच रुग्ण प्रथम अशा धोक्याच्या लक्षणांसह आले होते. उरलेल्यांपैकी काहींचे वजन घटत होते, थकवा जात नव्हता. ‘याचे काहीतरी गंभीर आहे’ असे वैद्यास वाटे, पण काय आहे हे सांगता येत नसे. बाकीच्यांची तक्रार तर अगदी रोजच्यासारखी, म्हणजे पाठदुखी, अपचन, बारीक ताप अशी होती. असे शेकडो रुग्ण वैद्याकडे येतात आणि त्यांतील एखाद्यासच कर्करोग असतो.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिक एका कुटुंबवैद्याशी जोडलेला असतो, आणि त्याच्या पत्राशिवाय बहुतेक तज्ज्ञांकडे जाता येत नाही. या पद्धतीत खर्च वाचतो व नको त्या तपासण्या टळतात. पण दाराशी बसलेल्या वैद्याच्या हाती साधने नसतील, तर तेच दार बंद होते. म्हणून तीन वाटा करण्यात आल्या. धोक्याचे लक्षण असेल तर वर सांगितलेला ठरीव मार्ग. गंभीर पण अस्पष्ट तक्रार असेल तर निदान-केंद्र. तेथे निरनिराळे तज्ज्ञ एकाच छताखाली असतात व थोड्याच दिवसांत रुग्णाची सर्वांगीण तपासणी होते. सिल्केबोर्ग येथील केंद्र यासाठी प्रसिद्ध झाले. आणि साधी तक्रार असेल तर कुटुंबवैद्यास सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन यांसारख्या तपासण्या थेट मागविण्याची मुभा, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर त्यास लवकर मिळावे. निदान-केंद्रात पाठविलेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतो, ही तक्रारीची बाब नव्हे. त्यांच्यात इतर गंभीर विकार सापडतात आणि ज्यांच्यात काहीच सापडत नाही त्यांची टांगती काळजी जाते.

२००९ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व ब्रिटन या देशांनी एकत्र येऊन आपापल्या नोंदवह्या एकमेकांस खुल्या केल्या होत्या. १९९५ ते २००७ या काळाच्या त्यांच्या पहिल्या तुलनेत डेन्मार्क व ब्रिटन हे तळाशी होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या तुलनेत काळ १९९५ ते २०१४ असा होता, आणि देशांची यादीही थोडी बदलली होती. तीत गुदाशयाच्या कर्करोगाचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण डेन्मार्क, आयर्लंड व ब्रिटन या देशांत १३ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसून आले. शेजाऱ्यांशी असलेले डेन्मार्कचे अंतर बरेच कमी झाले होते. याचे सर्व श्रेय ठरीव मार्गांना देणे योग्य होणार नाही. शस्त्रक्रिया थोड्या व अनुभवी रुग्णालयांत एकवटल्या गेल्या होत्या, स्तनाची तपासणी देशभर सुरू झाली होती, किरणोपचाराची साधने वाढली होती. सुधारणेचा आरंभही २००८ च्या पूर्वीच झालेला होता. समाजव्यवस्थेतील बदल प्रयोगशाळेतल्या प्रयोगाप्रमाणे वेगळा करून पाहता येत नाही.

घेतलेले आणि न घेतलेले

डेन्मार्कचा हा नमुना ब्रिटनने उचलला. तेथे केनेथ कॅलमन व डिर्ड्रे हाइन यांच्या १९९५ च्या अहवालापासूनच सुधारणेचे प्रयत्न चालू होते. संशय आल्यास दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट आणि ६२ दिवसांत उपचारांचा आरंभ, अशा मुदतीही ठरविल्या गेल्या होत्या. परंतु अस्पष्ट लक्षणांच्या रुग्णांसाठी वाट नव्हती. २०१७ च्या सुमारास वेल्समधील नीथ पोर्ट टॅल्बट येथे व इंग्लंडमध्ये काही ठिकाणी डॅनिश पद्धतीची निदान-केंद्रे प्रायोगिक स्वरूपात उघडली आणि २०१९ च्या आरोग्य-योजनेत ती इंग्लंडभर नेण्याचे ठरले. तरीही ६२ दिवसांची मुदत २०१५ नंतरची अनेक वर्षे पाळली गेली नाही. मार्ग आखला, पण त्यावर लागणारे तपासणी-यंत्र व तंत्रज्ञ तितके नव्हते. खुद्द डेन्मार्कमध्येही २०२३ साली एका मोठ्या रुग्णालयात आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी कायद्याने ठरविलेल्या मुदतीहून अधिक थांबावे लागल्याचे उघडकीस आले, व देशभर संताप उसळला. एकदा मिळविलेली शिस्त आपोआप टिकत नाही.

या तुलनेत एक बारकावा असा होता की, त्याचा संबंध यंत्रांशी नव्हता. सहा देशांतील लोकांना विचारण्यात आले की, शरीरात काही वावगे दिसले तर डॉक्टरकडे जाण्यास तुम्हांस काय आडवे येते? रोगाची माहिती सर्वत्र सारखीच होती. परंतु ब्रिटनमध्ये सुमारे एक-तृतीयांश लोकांनी ‘डॉक्टरांचा वेळ फुकट जाईल’ हे कारण सांगितले. स्वीडनमध्ये असे म्हणणारे फारच थोडे होते. संकोचामुळे गेलेले आठवडे कोणत्याही रुग्णालयाच्या वेळापत्रकात दिसत नाहीत.

दुसऱ्यापासून शिकणे म्हणजे नेहमी काही नवे सुरू करणे असे नव्हे. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बालकांच्या मूत्राची देशव्यापी तपासणी होत असे. न्यूरोब्लास्टोमा नावाचा बालकांतील कर्करोग तीत लवकर सापडे, आणि सापडलेली बालके बहुधा बरी होत. योजना अत्यंत यशस्वी वाटत होती. पुढे जर्मनी व कॅनडा येथे तपासणी केलेल्या व न केलेल्या बालकांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीमुळे मृत्यू कमी होत नव्हते. सापडत होत्या त्या पुष्कळशा गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तान्ह्या बालकांवर शस्त्रक्रिया होत होत्या. जपानने २००३ मध्ये ही तपासणी थांबविण्याचे ठरविले. स्वतःची लोकप्रिय योजना दुसऱ्या देशांच्या पुराव्यावरून बंद करणे, यास मोठाच प्रामाणिकपणा लागतो.

भारतातील स्थिती

आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या वर्षी भारतात सुमारे १४ लक्ष लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लक्षांहून अधिक लोक त्याने मृत्यू पावले. डेन्मार्कची सर्व लोकसंख्या ६० लक्षांच्या आसपास आहे. तेव्हा तेथील व्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येईल, असे कोणीही म्हणणार नाही. तेथे प्रत्येकास जन्मतः क्रमांक व कुटुंबवैद्य मिळतो, आणि उपचारांसाठी पदरचे पैसे मोजावे लागत नाहीत. येथे रुग्णास पुष्कळदा शेकडो मैलांचा प्रवास करून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते, सोबत आलेल्याची मजुरी बुडते, आणि तपासणीच्या दोन तारखांमध्ये गावी परतणे परवडत नाही म्हणून कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर दिवस काढतात. दोन टप्प्यांमधील जे दिवस डेन्मार्कमध्ये केवळ वाया जात होते, ते येथे घरदारही गहाण टाकावयास लावतात. म्हणूनच पुढील तारखा आधीच हाती देण्याची ती साधी युक्ती येथे अधिक मोलाची ठरावी.

काही गोष्टी येथे अगोदरच उभ्या आहेत. १९६३ साली मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदवही सुरू झाली. १९८२ पासून राष्ट्रीय नोंदणी-कार्यक्रमाखाली बंगळूर व चेन्नई येथे आणि नंतर अनेक ठिकाणी हे काम पसरले, तरी देशाच्या लोकसंख्येचा फार मोठा भाग अद्याप नोंदणीच्या बाहेर आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग-जाळ्यात शेकडो रुग्णालये सामील झाली असून, एकच उपचार-संहिता पाळणे व औषधांची एकत्रित खरेदी करणे ही कामे ते करते. साधने महागच असली पाहिजेत असेही नाही. येथे तोंडाचा कर्करोग फार आढळतो आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी उजेडात तोंड तपासले तर तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मृत्यू कमी होतात, हे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील प्रयोगाने २००५ मध्ये दाखवून दिले.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण नोंदवही सुरू झाली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. कोपनहेगनच्या कार्यालयात रुग्णालयांकडून आपोआप कागद येत. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांतून असे कागद येणार कोठून? पुष्कळ रुग्ण डॉक्टरपर्यंत जातच नसत, आणि मृत्यूचे कारण गावच्या नोंदीत लिहिलेले नसे. म्हणून कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरू लागले. शिक्षक, सरपंच, दाई यांना भेटून कोणास न भरणारी जखम आहे काय, कोणा स्त्रीस अवेळी रक्तस्राव होतो काय, अशी चौकशी ते करीत. चौकशी करताना या लक्षणांचा अर्थ समजावून सांगत आणि संशयित रुग्णास रुग्णालयापर्यंत पोहोचवीत. काही वर्षांतच त्यांच्या स्वतःच्या नोंदवहीत एक बदल दिसू लागला. गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या दोन अवस्थांत असतानाच येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले होते. हा निष्कर्ष १९९५ मध्ये, म्हणजे युरोकेअरचा पहिला अहवाल निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. उपचार घेऊन परतलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ते हयात आहेत की नाहीत हे पाहण्याचा क्रमही या कार्यकर्त्यांनी ठेवला, आणि त्यामुळेच २०१० मध्ये आशिया, आफ्रिका व मध्य अमेरिका येथील जीवितप्रमाणांची जी तुलना प्रसिद्ध झाली, तीत मुंबई व चेन्नई यांच्या शेजारी बार्शीचे आकडेही छापता आले.